हप्त्याचं कार्ड आणि नववीचं गणित

मंगळवारी पहिल्या तासाला नववीच्या वर्गात दोन-तीन मुली हमखास कमी असतात. आजारी नसतात. गल्लीत कुणाच्या तरी पडवीत फायनान्सची, म्हणजे बायकांच्या ग्रुपला बिनतारण कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीची, मीटिंग असते. आई तिथं जाऊन बसते आणि धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते. एका ग्रुपचा पहिला मंगळवार, दुसऱ्याचा दुसरा, असं करत महिन्यातला एकही मंगळवार मोकळा जात नाही. मुलगे मात्र वेळेवर हजर! धाकट्यांना सांभाळायचं काम त्यांच्याकडे कधी येत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

मी कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या सरकारी हायस्कुलात गणित शिकवते. मुलं आसपासच्या गावांतून येतात. आईबाप वीटभट्टीवर, काजूच्या कारखान्यात, दुसऱ्याच्या शेतात. बरेच बाप गोव्यात, गणपतीला आणि शिमग्याला येणारे. घरात रोकड कमी आणि कार्डं जास्त. कार्ड म्हणजे हप्त्याचं. काही घरांत एकाच खिळ्याला तीन-तीन कार्डं अडकवलेली बघितली आहेत.

त्यातलं एक वर्गात आलं ते एका मुलीमुळे. मधल्या सुट्टीत ती कार्ड घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, बारा हप्ते झालेत. आता निम्मंच राहिलंय न्हवं? आई विचारूलालीय." कार्ड कन्नड आणि इंग्रजीत. आईला मराठी वाचता येतं, तेही अडखळत. मुलगी कन्नड विषय म्हणून शिकते, तेव्हा ‘असलु’ (मुद्दल) आणि ‘बड्डी’ (व्याज) हे दोन रकाने तिनंच मला बोट ठेवून दाखवले. आमच्या भागात हे नवीन नाही. रेशनचा कागद असो, पंचायतीची नोटीस असो, की बँकेचा फॉर्म, घरातलं शाळकरी पोर वाचून दाखवतं आणि आई त्यावर विश्वास ठेवून सही करते.

कर्ज ४०,००० रुपये, मुदत २४ महिने, व्याज दरसाल २४ टक्के, हप्ता २,११५. निम्मे हप्ते भरून झाले होते आणि शिल्लक मुद्दल होतं २२,३६५. आईचा हिशेब २०,००० चा. वरचे २,३६५ कुठून आले, हा तिचा प्रश्न. तिला वाटत होतं, वसुलीला येणाऱ्या पोरानं मधे खाल्ले.

त्यानं खाल्ले नव्हते. पण हे समजावून सांगायला एक अख्खा तास लागणार होता, म्हणून मी दुसऱ्या दिवशी तो तास त्यालाच दिला. नाव, गाव, कंपनी सगळं वगळून नुसते आकडे फळ्यावर लिहिले.

पहिली गंमत अशी झाली की मुलांनी आठवीत शिकलेलं सरळव्याजाचं सूत्र लावलं. ४०,००० वर २४ टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज १९,२००. मग २,११५ गुणिले २४ केले, ५०,७६० आले. वजा ४०,०००, म्हणजे व्याज १०,७६०. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही कंपनी कमीच घेतीय की!" वर्ग खूश. मी पण गप्प राहिले थोडा वेळ, कारण असा चुकीचा आनंद वर्गात दहा मिनिटं टिकू दिला की पुढचं डोक्यात पक्कं बसतं.

मग एकेक महिना केला. पहिल्या महिन्यात ४०,००० वर दोन टक्के व्याज ८००. हप्त्यातले उरलेले १,३१५ मुद्दलात. आता मुद्दल ३८,६८५. दुसऱ्या महिन्यात व्याज ७७४, मुद्दलात १,३४१. तिसऱ्या, चौथ्या महिन्यापर्यंत मुलांनीच वहीत केलं. हप्ता तोच, पण आतली वाटणी दर महिन्याला सरकते. शेवटच्या हप्त्यात व्याज जेमतेम ४१ रुपये. सुरुवातीला व्याजाचा घास मोठा, म्हणून निम्मे हप्ते झाले तरी निम्मं मुद्दल फिटत नाही. ज्या मुलीचं कार्ड होतं ती बारावी ओळ येईपर्यंत मान वर न करता लिहीत होती. तिचं उत्तर २२,३६८ आलं. पूर्णांकात करताना तीन रुपये इकडे-तिकडे झाले होते. तिला ते तीन रुपये सुद्धा मंजूर नव्हते.

आता दुसरी बाजू. कर्ज देताना आलेल्या माणसानं बायकांना काय सांगितलं होतं? "शेकडा एक रुपया बारा पैसे." म्हणजे शंभराला महिन्याला तेवढं व्याज. १०,७६० भागिले २४ महिने, भागिले ४०० शेकडे. बरोबर येतं! खोटं एक अक्षर नाही. फक्त ते सगळा वेळ पूर्ण ४०,००० तुमच्याकडेच आहेत असं धरून काढलेलं आहे. शिल्लक रकमेवर बघितलं तर शेकडा दोन. एकच कर्ज, एकच हप्ता, पण फ्लॅट, म्हणजे मूळ रकमेवर, म्हटलं तर साडेतेरा टक्क्यांच्या आत दिसतं आणि शिलकीवर चोवीस. गावात सगळा व्यवहार शेकड्यात चालतो, म्हणून तो माणूसही शेकड्यात बोलला. हुशार आहे.

आणि हातात ४०,००० तरी कुठे आले? प्रोसेसिंग फी एक टक्का म्हणजे ४००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२, नवरा-बायको दोघांचा विमा ९००. हातात पडले ३८,६२८. हप्ता मात्र ४०,००० चा. हे सगळं धरून खरा वार्षिक दर काढायचं गणित नववीच्या आवाक्यातलं नाही. घरी कॉम्प्युटरवर करून सांगितलं, साडेसत्तावीसच्या वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं कर्ज देताना हा सगळा खर्च धरून काढलेला वार्षिक दर एका वेगळ्या पानावर लिहून द्यायला लावला आहे. तो आकडा त्या मुलीच्या घरी कुणी कधी बघितला नव्हता. कागद होता. पत्र्याच्या ट्रंकेत, आधारच्या झेरॉक्सांच्या खाली.

तेव्हा फायनान्सवाले लुटारू, असं मी वर्गात म्हणाले का? नाही. कारण मग एका मुलानं विचारलं, गावातल्या सावकाराचं काय? त्याच्या घरी शेकडा पाचनं घेतलेले होते. ४०,००० वर महिन्याला २,००० नुसतं व्याज, मुद्दल जागचं हलत नाही. दोन वर्षांत ४८,००० देऊन ४०,००० डोक्यावर तसेच. इकडे २,११५ भरून चोविसाव्या महिन्यात पाटी कोरी. फरक महिन्याला ११५ रुपयांचा. वर्गात बराच वेळ कुजबुज चालली. बायका फायनान्सच्या मीटिंगला का बसतात याचं यापेक्षा सरळ उत्तर माझ्याकडे नाही. बँकेत गेलं तर तारण काय म्हणतात, नाहीतर साहेब रजेवर असतो. फायनान्सवाला पडवीत येतो.

माझं भांडण वेगळ्या ठिकाणी आहे. ही कर्जं शिक्षणासाठी काढली जातात तिथं.

मे महिना उलटला की आमच्याकडे भट्ट्या बंद होतात. खानापूरचा पाऊस म्हणजे विटांचं काम दिवाळीनंतरच. रोप लावणीची मजुरी सुरू व्हायला जुलै उजाडतो. मधल्या जूनमध्ये हातात काही नाही, आणि नेमकी जूनमध्येच शाळा-कॉलेजं उघडतात. मग आधीचं कर्ज नीट फेडणाऱ्या बाईला वर आणखी दहा-पंधरा हजारांचं ‘शाळेचं लोन’ मिळतं. धाकट्याला इंग्लिश मीडियमला घालायचं असतं, थोरलीला बेळगावला पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला. आमच्या शाळेत फी नाही, पुस्तकं सरकारची, दुपारचं जेवण सरकारचं, तरी शेजारच्या पिवळ्या बसच्या शाळेसाठी कर्ज काढतात. यावर मी मराठी शाळेची बाई म्हणून बोलले की लोक हसतात, "तुम्ही तेच म्हणणार." म्हणतेच. पण आईबापांना दोष देऊन हात झटकावेत इतकं ते सोपं नाही, हेही मला कळतं.

म्हशीसाठी कर्ज घेतलं तर म्हैस दुसऱ्या दिवसापासून दूध देते आणि डेअरीचं बिल हप्त्याला लागतं. या कर्जाचा सगळा साचा त्या हिशेबानं बेतलेला: पुढच्याच महिन्यापासून हप्ता, तोही सारखा. पीयूसीला गेलेली पोरगी पुढच्या महिन्यात काय कमावणार? पहिला पगार चार-पाच वर्षांनी, तोवर ते कर्ज दोनदा फिटून तिसरं चालू झालेलं असतं. फी भरली जाते मुलीची आणि हप्ता जातो आईच्या मजुरीतून, नाहीतर सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत बाईला महिन्याला मिळणाऱ्या २,००० मधून. ते वेळेवर आले तर. २,११५ ला ते तसेही ११५ नं कमी पडतात.

हे फार आधी कुणाच्या तरी लक्षात आलेलं आहे. १९७६ मध्ये बांगलादेशातल्या चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मोहम्मद युनूस यांनी शेजारच्या जोब्रा गावात कोण सावकाराचं किती देणं लागतं याची यादी करायला आपल्या एका विद्यार्थिनीला सांगितलं. ४२ जणांचं मिळून देणं निघालं ८५६ टाका, तेव्हाचे २७ डॉलर. ते त्यांनी खिशातून दिले आणि तिथून गरिबांना बिनतारण कर्ज देणारी ग्रामीण बँक उभी राहिली. २००६ चा शांततेचा नोबेल दोघांना मिळून मिळाला. मी ही गोष्ट वर्गात सांगते ती यादी करणाऱ्या विद्यार्थिनीसाठी. (एका मुलाला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. "४२ जणांत २७ डॉलर? आमच्या एका ग्रुपचंच चार लाख हाय, बाई.") त्याच ग्रामीण बँकेनं १९९७ पासून सभासदांच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी वेगळं कर्ज सुरू केलं. शिकत असेपर्यंत व्याज नाही, शिक्षण संपल्यावर पाच टक्के. म्हणजे ज्यांनी हा धंदा सुरू केला, त्यांनाही शिक्षणासाठी साधं ग्रुप लोन चालणार नाही हे मान्य होतं.

कर्ज मिळालं की मुलं आपोआप जास्त शिकतील, हेही खरं निघालेलं नाही. हैदराबादमधल्या १०४ वस्त्यांपैकी निम्म्या चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडून तिथं एका फायनान्स कंपनीच्या शाखा आधी उघडल्या आणि बाकीच्या वस्त्यांशी तुलना केली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. काही घरांचे धंदे वाढले, टिकाऊ वस्तू घेतल्या गेल्या, पण मुलांच्या शिक्षणात ठळक फरक दिसला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. मंगळवारची हजेरी माझ्यासमोर आहे.

शिक्षणाला साजेसं कर्ज आपल्याकडे आहे, पण ते बँकेत आहे. बँकांच्या शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ता सुरू होतो कोर्स संपून वर्ष झाल्यावर. फक्त ते मिळतं डिप्लोमा, डिग्री, नर्सिंग अशा कोर्सला. शाळेची आणि पीयूसीची वर्षं साधारणपणे त्यात बसत नाहीत, आणि आमच्याकडे पोरी गळतात त्या नेमक्या याच वर्षांत. त्या फटीत फायनान्स घुसतं. पुढं डिप्लोमाला जायची वेळ येते तेव्हा बँक आई किंवा बापाला सहकर्जदार करते आणि त्यांचा सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीचा रेकॉर्ड, काढते. ग्रुप लोनचे थकलेले हप्तेही क्रेडिट ब्यूरोकडे चढलेले असतात. पीयूसीच्या फीसाठी काढलेल्या पंधरा हजारांचे दोन हप्ते चुकले आणि पुढचं दोन लाखांचं स्वस्त कर्ज अडलं, असं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या बाबतीत झालं. बँकेतल्या साहेबांनी स्क्रीन फिरवून दाखवली म्हणे. तिनं शेवटी डिप्लोमाचा नाद सोडला आणि बेळगावच्या उद्यमबागला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. शक्ती योजनेत बायकांना बस फुकट आहे, तेवढं बरं.

नियम कागदावर वाईट नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला बिनतारण दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायचे नाहीत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन नाही. वसुली ठरलेल्या जागी. लागोपाठ दोनदा तिथं आलं नाही तरच घरी यायचं. आणि कर्जाचा तपशील कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा.

निम्म्याचा नियम मी वर्गात शेकडेवारीच्या उदाहरणात घालते. महिन्याचं उत्पन्न १५,००० असेल तर सगळे हप्ते मिळून ७,५०० च्या आत. मुलं घरी जाऊन बेरीज करतात. काहींची बेरीज जास्त येते. मग फॉर्मवर उत्पन्न किती लिहिलं होतं? एका आईला मी रस्त्यात विचारलं तर ती म्हणाली, "मला काय ठावं बाई, त्यानं लिवलं, मी सही केलो." तिचा नवरा गोव्यात किती मिळवतो हे तिलाच नीट ठाऊक नाही, त्या पोरानं कुठून लिहिलं कोण जाणे.

२०२५ च्या सुरुवातीला वसुलीच्या जाचाच्या बातम्या राज्यभरातून येऊ लागल्या तेव्हा कर्नाटक सरकारनं फेब्रुवारीत वटहुकूम काढला: जबरदस्तीच्या वसुलीला १० वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड. त्या आठवड्यात गावात हूल उठली की सगळी कर्जं माफ झाली. दोन बायका हप्ता न भरता पैसे घेऊन बाजारला गेल्या. माफी होती ती नोंदणी नसलेल्या सावकारांच्या कर्जाची. रिझर्व्ह बँकेकडे नोंद असलेल्या कंपन्यांचं देणं आहे तसंच होतं. वटहुकुमातली ती एक ओळ दहावीच्या मुलांकडून प्रार्थनेच्या वेळी मराठीत वाचून घेतली, तीच दुपारी घरोघर गेली.

आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना हे पटतं असं नाही. एका सहकाऱ्याचं म्हणणं, लोकांच्या घरची कर्जं शाळेत कशाला उघडी पाडायची, पोरांना लाज वाटते. मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच नाव असलेलं कार्ड मी कधी फळ्याजवळ नेत नाही. पण गंमत बघा, आम्ही स्वतः शिक्षकांच्या सोसायटीतून कर्ज घेतो, एकमेकांना जामीन राहतो, हप्ता पगारातून कापला जातो आणि स्टाफरूममध्ये चहा पिता पिता कुणाचं किती राहिलंय ते मोठ्यानं बोलतो. कुणाला लाज वाटत नाही. बायकाही पडवीत बसून एकमेकींना जामीनच राहतात. आमच्या हातात पगाराची पावती आहे आणि त्यांच्या हातात नाही, एवढाच फरक, आणि व्याजाचा दर त्या पावतीवर ठरतो.

यंदा पालकसभेत एक छोटी गोष्ट करणार आहे. पीयूसीला जाणाऱ्या मुलींच्या आयांनी ‘शाळेचं लोन’ घ्यायच्या आधी कागद आणून दाखवायचा, आणि नववी-दहावीची मुलं त्याचा महिनावार तक्ता करून देणार. कर्ज घ्या किंवा घेऊ नका, ते मी सांगणार नाही. हेडमास्तरांनी होकार दिला आहे, अट एकच, शाळेचा शिक्का कुठं लागता कामा नये.

वाचणाऱ्यांपैकी कुणी बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बँकेत किंवा फायनान्समध्ये असाल तर एक काम आहे. कर्जाचं तपशीलपत्र मराठीत छापलेलं तुमच्याकडे असेल तर त्याची कोरी प्रत मला हवी आहे. नववीच्या पुढच्या तुकडीला फळ्यावर काढून दाखवण्यापेक्षा खरा कागद हातात दिलेला बरा. कन्नडातला आहे, तो त्या मुली मला वाचून दाखवतात.